दोन दारांची गाडी

“पाठ भिंतीला टेकव. पूर्ण. आणि हसू नकोस, माप हलतं,” बायको म्हणाली. तिने टेपचं एक टोक थोरलीच्या कमरेमागे भिंतीला लावलं आणि दुसरं तिच्या गुडघ्यापर्यंत ताणलं. थोरली जमिनीवर पाय पसरून बसली होती. धाकट्याचं माप बहुधा आधीच झालं होतं, कारण तो सोफ्यावर उलटा लटकून उरलेल्या कामावर देखरेख करत होता.

सर्व्हेअर दारातच थांबला. एका पायातला बूट निघाला होता, दुसऱ्यातला निघायचा होता.

“हे काय चाललंय?”

“युनिफॉर्मचं माप,” बायको वर न बघता म्हणाली.

“आत्ता? वर्षाच्या मध्येच?”

“वाढतायत ना.”

पोराला जमिनीवर बसवून कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं माप घेणारा शिंपी अजून जन्माला यायचा होता. त्यातून बायकोने तो आकडा फोनमध्ये टिपला, आणि टिपताना फोन किंचित आपल्याकडे वळवून घेतला. सर्व्हेअरने उरलेला बूट काढून जागेवर ठेवला आणि तो गप्प बसला. खोटं बोलणाऱ्याला लगेच अडवायचं नसतं. त्याला अजून थोडं बोलू द्यायचं असतं. बायकोलाही हा नियम माहीत होता, म्हणून तीही पुढे काही बोलली नाही.

तो विमा कंपनीचा सर्व्हेअर होता. गाडी ठोकली, असा दावा आला की ती ठोकली गेली की ठोकवून घेतली, हे जाऊन बघायचं, हा त्याचा धंदा. गाडी झाडावर आदळली असेल, तर तो आधी झाड बघायला जाई. एका गृहस्थाने, काल संध्याकाळी दाराला पोचा आला, असं सांगितलं होतं, तर त्या पोच्याच्या आत कोळ्याने प्रशस्त जाळं विणलेलं निघालं. कोळ्याला एका रात्रीत एवढं बांधकाम करायची घाई काय होती, असं त्याने रिपोर्टात लिहिलं आणि दावा परत पाठवला. गॅरेजवाले त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे शंकासूर. त्याला दोन्ही माहीत होतं. पाठीमागे काय म्हणतात हे ज्याला कळत नाही, तो सर्व्हेअर काय कामाचा.

बायको दातांची डॉक्टर होती. तिचं स्वतःचं क्लिनिक होतं, ते चांगलं चालत होतं, आणि आजवर तिने त्याच्याशी खोटं बोलल्याची नोंद नव्हती. ज्याची पाटी कोरी, त्याच्यावर जास्त लक्ष ठेवावं, असं सर्व्हेअरचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने साक्षीदारांतला कच्चा दुवा निवडला. धाकटा पाच वर्षांचा होता आणि आंघोळीनंतर, टॉवेलात गुंडाळलेल्या अवस्थेत, कुठलीही माहिती देऊन टाकत असे.

“शिंपीकाका कसे होते रे?” सर्व्हेअरने त्याचं डोकं पुसत सहज विचारलं.

“कुठले?”

“आईने नेलं होतं ना तुम्हाला, ते.”

“ते काही शिंपी नाहीत. नुसते काका आहेत.”

“कुठले काका?”

“छान वासाचे.”

टॉवेल क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

“बरं. मग काय म्हणाले छान वासाचे काका?”

“मला गोळी दिली. ताईला पण दिली. आणि आईला म्हणाले, मॅडम, तुम्ही यात फार शोभता.”

“कशात?”

धाकट्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “आईने सांगितलंय, बाबांना सांगायचं नाही.”

“मग नको सांगूस,” सर्व्हेअर म्हणाला. “दिलेला शब्द पाळावा.”

धाकट्याने थोडा वेळ शब्द पाळला. “लाल आहे,” तो मग म्हणाला. “आणि गाडी असून दोनच दारं आहेत.”

ऑफिसात समोरच्या टेबलावर एक मुरलेला सहकारी बसे. सगळे त्याला मामा म्हणत. सर्व्हेअरने त्याच्यापुढे प्रकरण ठेवलं, अर्थात दुसऱ्याच कुणाचं म्हणून. एक बाई आहे. नवऱ्याला न सांगता मुलांना घेऊन एका सुगंधी माणसाला भेटते. त्याची लाल गाडी आहे. दोन दारांची.

मामाने चष्मा कपाळावर सरकवला. “दोन दारांची?”

“हो.”

“दोन दारांच्या गाडीतून माणूस बायकापोरांना फिरवून नाही आणत. पळवून नेतो.” मग जरा विचार करून त्याने विचारलं, “विमा आपल्याकडे आहे का?”

संध्याकाळी सर्व्हेअरने धुवायला टाकलेल्या कपड्यांची पाहणी केली. धाकट्याच्या चड्डीच्या खिशात गोळीचा चुरगळलेला कागद निघाला. त्यावर सोनेरी अक्षरांत एका शोरूमचं नाव होतं. महागड्या परदेशी गाड्यांचं शोरूम. सर्व्हेअरला त्या गाड्यांची ओळख होती, पण ती पुढच्या बाजूने चेपल्यानंतरची. त्याचा जीव एका अंगाने खाली आला आणि दुसऱ्या अंगाने वर गेला. सुगंधी माणूस विक्रेता असण्याची शक्यता वाढली होती. पण मग बायको आपल्या पाठीमागे गाडी घेत होती, हेही तेवढंच पक्कं झालं होतं.

शोरूममध्ये आतला उजेड इतका होता की सगळ्यांचे चेहरे नुकतेच धुऊन काढल्यासारखे दिसत होते. छान वासाचा काका दारातच भेटला. मिसरूड नीट न फुटलेला, सूट भाड्याने आणल्यासारखा. गाडीचं नाव उच्चारताना तो जीभ जरा आखडून घेत होता. त्याच्याबद्दलचा एक संशय सर्व्हेअरने तिथल्या तिथे निकाली काढला.

“ही लाल,” सर्व्हेअर म्हणाला.

“वा, सर. बसून बघा ना.”

ड्रायव्हरशेजारी बसण्यासाठी आधी वाकावं लागलं, मग एक पाय आत, मग बूड, मग डोकं, आणि शेवटी दुसरा पाय हाताने उचलून. बसल्यावर सर्व्हेअरचे गुडघे छातीला लागले आणि हनुवटी गुडघ्यांना.

“ही सीट इतकी पुढे का आहे?”

“एक मॅडम घेतायत सर ही. त्यांनी मापं काढून सगळं बसवून बघितलंय. मागे दोनच जागा असतात, त्याही लहान मुलांपुरत्या. छोट्याची चाइल्ड सीट इकडे येते, म्हणून पुढची ही सीट पूर्ण पुढे घ्यावी लागते. ड्रायव्हरच्या मागे मुलगी. मॅडम बुटक्या आहेत, त्यामुळे तिथे बसतं सगळं.”

“आणि इथे, पुढे, कोण बसणार?”

विक्रेता हसला. “मी पण तेच विचारलं, सर. मॅडम म्हणाल्या, पर्स.”

सर्व्हेअर गुडघ्यांवर हनुवटी ठेवून समोर बघत राहिला.

“त्यांचे मिस्टर?”

“मिस्टरांचं काही बोलणं नाही झालं, सर. आम्ही तिघंच असतो, म्हणाल्या.” मग गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला बघून पोराने धंद्याला शोभेल असा प्रयत्न केला. “पण सर, खरं सांगू का, तुम्ही यात फार शोभता.”

परतीच्या वाटेवर सर्व्हेअरने मनात रिपोर्ट लिहायला घेतला आणि तो एका वाक्यात संपला. बायकोने तीन माणसांची गाडी पसंत केली होती. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त निघाला की त्यांच्यात ‘टोटल लॉस’ लिहून मोकळे होत. तिने तसा शेरा कधी मारला, आणि आपल्याला त्याची प्रतसुद्धा कशी मिळाली नाही, हे काही त्याला कळेना.

रात्रीची जेवणं आवरून बायको मुलांचे डबे घासत होती.

“दारं दोनच आहेत म्हणे,” तो ओट्याला टेकून म्हणाला.

तिने नळ बंद केला. “कोण बोललं? धाकटा?”

“गोळीचा कागद.”

“पाच वर्षांच्या पोराची झडती घेतलीस?”

“पोराची नाही. चड्डीची.” तो म्हणाला, “सांगितलं का नाहीस मला?”

“सांगितलं असतं, तर तू फोटो दाखवले असतेस.”

यात तथ्य होतं. त्याच्या फोनमध्ये मुलांच्या फोटोंपेक्षा चेपलेल्या गाड्यांचे फोटो जास्त होते. कुणी नवी गाडी घेतली की अभिनंदन म्हणून तो त्यातला, त्याच बनावटीचा, एखादा काढून दाखवी. शेजाऱ्याला तर त्याने सीटवरचं प्लास्टिक निघायच्या आधी दाखवला होता. शेजारी तेव्हापासून जिन्यात भेटला की बुटांकडे बघून बोलत असे.

“घ्यायचीच तर मोठी उंच घे,” तो म्हणाला. “पोरांची गाडी. सात माणसं बसतात. चहूबाजूंनी एअरबॅगा.”

“बघितली. आत बसले आणि वाटलं, आता कुणीतरी माझा नंबर पुकारेल. वेटिंग रूम आहे ती, चाकं लावलेली.”

“मग ती चार दारांची. तीही पळते.”

“तीही बघितली. बँक मॅनेजर टाय लावून पळतोय असं वाटतं.”

“मग थांब. मुलं मोठी झाली की घे.”

“सगळे हेच सांगतात,” बायको म्हणाली. “आई, नर्स, पेशंटसुद्धा, तोंडात कापूस असताना. अरे, मुलं मोठी झाली की मागे मावणारच नाहीत. म्हणून तर मापं घेतली. थोरलीची फार तर दोन-चार वर्षं आहेत. ही गाडी मुलं लहान आहेत तोवरच घ्यायची असते. नंतर घेतली तर मागे छत्र्या ठेवायच्या.”

सर्व्हेअरने या म्हणण्यावर सगळीकडून टिचक्या मारून बघितल्या. कुठेच पोकळ आवाज येईना. पैसे तिचे होते, त्यामुळे त्या अंगानेही जाता येत नव्हतं.

“आणि मी?” शेवटी तो म्हणाला. “पुढे पर्स बसणार, असं कळलं.”

बायकोने हात पुसले, आणि पुसून झाल्यावरही फडकं हातातच ठेवलं.

“दिवसभर मी लोकांच्या तोंडात बघते,” ती म्हणाली. “दिवा लावून. संध्याकाळी मला अर्धा तास समोर रस्ता बघायचाय. मागे पोरं किंचाळून गाणी म्हणतायत, आणि कुणी मला काही सांगत नाहीये. बस, एवढंच.”

“कुणी म्हणजे मी.”

“चौघांची गाडी आहेच की आपली. ती कुठे विकतेय मी?”

“मुलं माझ्याही गाडीत मजेत असतात,” सर्व्हेअर म्हणाला, आणि इथे त्याचा आवाज जरा चढला, कारण हा मुद्दा त्याच्या अभिमानाचा होता. “मजेत काय, चौक येत नाही तर झोपतात दोघं. बोनेटवर पाण्याचा पेला ठेव, थेंब सांडणार नाही, असं चालवतो मी. ऑफिसात सांगतो सगळ्यांना. तुझ्या गाडीत झोपलीत कधी?”

बायकोने घासून पालथा घातलेला डबा उचलला आणि पुन्हा घासायला घेतला.

“काय?”

“काही नाही.”

“काहीतरी आहे.”

“रविवारी गाडी पक्की करायला जातेय मी,” ती डब्याकडे बघत म्हणाली. “घेणार तर आहेच. तू त्यात बसायचं की नाही, ते तुझं तू ठरव. यायचं तर ये.”

स्वच्छ डबा दुसऱ्यांदा घासणारी बाई काहीतरी दडवते आहे, हे कळायला सर्व्हेअर असायची गरज नव्हती. पण काय, ते कळायला होती.

शनिवारी मुलांना पोहायला नेण्याचं काम त्याच्याकडे असे. त्याने दोघांना मागे बसवलं, पट्टे लावले, ओढून बघितले, पुन्हा ओढून बघितले आणि गाडी काढली. पहिल्या वळणाशी तो सवयीने म्हणाला, “इथेच तो टँकर उलटला. ड्रायव्हरला डुलकी लागली होती. मागचा स्कूटरवाला बिचारा—” आणि त्याने आरशात बघितलं. थोरली खिडकीला डोकं टेकून झोपली होती. धाकट्याची मान छातीवर पडली होती.

एरवी तो इथे समाधानाने गप्प बसे. आज त्याने आरसा जरासा खाली वळवला.

पुढे गतिरोधक होता. झोपलेल्या माणसाची मान गतिरोधक ओळखत नाही. ती आधी मागे राहते, मग सैल होऊन पुढे येते. गाडी आपटली तेव्हा मी झोपलो होतो, असं सांगणाऱ्या किती जणांना त्याने याच एका गोष्टीवर घरी पाठवलं होतं. चाक गतिरोधकाला लागण्याच्या जरा आधी थोरलीची मान ताठ झाली. डोळे मिटलेले, आणि रस्ता तोंडपाठ.

सर्व्हेअर थोडा वेळ गाडी चालवत राहिला.

“येताना आईस्क्रीम घ्यावं म्हणत होतो,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं मोठ्याने म्हणाला. “पण झोपलीच आहेत बिचारी. जाऊ दे.”

धाकट्याचे डोळे मिटलेलेच राहिले. खालचा ओठ मात्र सावकाश बाहेर आला. तेवढ्यात थोरलीचा हात सीटवरून सरकत गेला आणि त्याच्या मांडीवर येऊन घट्ट बसला.

संगनमत होतं, आणि जुनं होतं. एवढा सराव एका दिवसात होत नाही. सगळ्या शहराची लबाडी पकडणाऱ्या माणसाच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर, दोन चिमुरडी दर शनिवारी बनावट झोप सादर करत होती आणि तो ती बिनचौकशी मंजूर करत आला होता. नुसती मंजूर नाही. लोकांना दाखवत फिरत होता.

तलावाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. धाकटा पाण्यात फळीला धरून पाय मारत होता. थोरलीचं पोहून झालं होतं. ती टॉवेल पांघरून बापाशेजारी येऊन बसली. केसांतून पाणी ठिबकत होतं.

“कधीपासून?” सर्व्हेअरने विचारलं.

“काय?”

“झोप.”

थोरलीने त्याच्याकडे बघितलं. ती नजर त्याच्या ओळखीची होती, रोज दाढी करताना आरशात दिसायची. समोरच्याला नक्की किती ठाऊक आहे ते जोखायचं, आणि त्याहून एक अक्षर जास्त सांगायचं नाही, अशी.

“कधी कधी खरी पण असते,” ती म्हणाली.

“आणि नसते तेव्हा?”

तिने टॉवेलचं टोक पिळलं. “तुम्ही सांगता ना बाबा, इथे कोण मेलं, तिथे कुणाचा पाय अडकला. मग हा घरी आल्यावर झोपत नाही. माझ्या पलंगावर येतो आणि लाथा मारतो. म्हणून मी त्याला म्हटलं, डोळे मिटून घ्यायचे. झोपलेल्यांना तुम्ही सांगत नाही.”

“तुम्ही काळजी घ्यावी म्हणून सांगतो मी.”

“पण आम्ही काय काळजी घेणार?” थोरलीने विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं. “आम्ही तर मागे बसतो.”

पाण्यात धाकटा एकदा गटांगळी खाऊन वर आला आणि शिक्षकाने त्याला काखेत धरून पुन्हा फळीवर ठेवलं. एरवी सर्व्हेअर उठून काठाशी गेला असता.

“आईला माहीत आहे?”

थोरली पाण्याकडे बघायला लागली. “आईस्क्रीम नक्की आहे ना पण?” ती म्हणाली.

रविवारी तो गेला. बायकोने निघताना त्याच्यासाठी दार उघडं धरलं. शोरूममधल्या पोराने त्याला ओळखलं, मग तो कोण हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने घाईने सगळ्यांना गोळ्या दिल्या.

लाल गाडी बाहेर काढून उभी केली होती. सर्व्हेअर तिच्याभोवती हिंडला. खाली वाकला, चाकामागे बघितलं, दाराच्या फटीवरून नख फिरवलं, नाक जवळ नेऊन रंग हुंगला.

“एकदम नवीन आहे, सर,” पोरगा कासावीस होऊन म्हणाला.

“सगळ्याच असतात. सुरुवातीला.”

“काही सापडलं?” बायकोने विचारलं.

काहीच सापडलं नव्हतं. गाडी देखणी होती, घट्ट बांधलेली होती, आणि तिच्यात खोट काढायची तर ती त्याला घरून आणावी लागली असती. तो उठून उभा राहिला आणि त्याने हात झटकले.

“मी एक चक्कर मारू?” तो म्हणाला. “दोघांना घेऊन.”

आता संशय घ्यायची पाळी बायकोची होती. तिने त्याला वरून खाली बघितलं.

“का?”

“बघायला.”

“काय बघायला?”

असा प्रश्न तो स्वतः लोकांना विचारी, आणि लोक गडबडून काहीतरी पाठ केलेलं सांगत. त्याने शोधलं, पण पाठ केलेलं काही हाताशी नव्हतं.

“मला नाही माहीत,” तो म्हणाला.

बायकोने किल्ली त्याच्या हातात ठेवली. पोरगा मध्ये पडला. नियमाने शोरूमचं कुणीतरी बरोबर लागतं, म्हणाला. सर्व्हेअरने, बस की, म्हटलं. पोराने डॅशबोर्डला चिकटलेल्या पुढच्या सीटकडे बघितलं, तिच्यावरच्या पर्सकडे बघितलं. “मॅडम इथेच थांबतायत ना?” त्याने विचारलं. बायको तारण म्हणून फुटपाथवर राहिली.

मुलं मागे शिरली. धाकट्याचं सहज झालं. सर्व्हेअर मात्र स्टिअरिंगमागे नीट बसला आणि मागून थोरली म्हणाली, “बाबा, माझे पाय.”

त्याने सीट पुढे घेतली.

“अजून.”

आणखी एक खटका पुढे.

“अजून थोडं. हां. नाही, अजून एक.”

शेवटी तिचे पाय मोकळे झाले तेव्हा स्टिअरिंग त्याच्या पोटाला टेकलं होतं आणि गुडघे दोन्ही बाजूंना बेडकासारखे फाकले होते. असं बसून गाडी चालवणाऱ्याचा दावा त्याने स्वतः, हसत हसत, नामंजूर केला असता.

“पट्टे?” तो म्हणाला.

“लावलेत,” दोघं म्हणाली. त्याचा हात ओढून बघायला मागे निघाला होता. मागे वळायला जागाच नव्हती. त्याने हात परत स्टिअरिंगवर आणला.

गाडी निघाली तसा इंजिनाचा आवाज पाठीतून आत शिरला. धाकटा “बाप रे” म्हणाला आणि खिदळला. सर्व्हेअर सावकाश चालवत होता, तरी सगळं इतकं खाली होतं की शेजारच्या मोटारींची चाकं त्याच्या कानाशी फिरत होती. एका ट्रकने त्यांना जागा दिली. सिग्नलला दोन पोरी वाकून आत बघून गेल्या. धाकट्याने त्यांना हात केला. तेवढ्या रस्त्यात बोलण्यासारख्या तीन जागा येऊन गेल्या. पहिल्या वेळी त्याने घसा साफ केला. दुसऱ्या वेळी केला नाही.

मग शहराबाहेरच्या नदीकाठचं लांब वळण लागलं.

“बाबा,” थोरलीने विचारलं. तिने पुढे वाकून हनुवटी त्याच्या सीटला टेकवली होती, तिचा श्वास त्याच्या मानेवर येत होता. “इथे काय झालं होतं?”

ती परीक्षा घेत होती की तिला खरंच हवं होतं, ते त्याला आरशात बघितलं असतं तर कळलं असतं. गेल्या हिवाळ्यात तो या वळणावर टेप घेऊन उभा होता. आई, बाप, मागे एक पोर. तो एवढा एकच दावा असा होता की ज्यावर त्याने कुणाला एकही प्रश्न विचारला नव्हता. घरी, गाडीत, ऑफिसात, कुणाला सांगितलाही नव्हता.

“इथे?” तो म्हणाला. “इथे काही नाही झालं.”

“कधीच?”

“कधीच.”

वळणाच्या पोटाशी कठड्याचा एक तुकडा बाकीच्या कठड्याहून वेगळा होता. त्याला अजून रंग लागायचा होता. दुपारच्या उन्हात तो लखलखत होता.

“ते बघा, ते बघा,” धाकटा काचेवर बोट आपटत म्हणाला. “एवढंच का चमकतंय?”

“नवीन बसवलंय.”

“का?”

सर्व्हेअरने फाकलेले गुडघे आणखी जरा बाजूला घेतले, म्हणजे स्टिअरिंग पुरतं वळवता आलं.

“जुनं झालं असेल,” तो म्हणाला.